राजसत्ता कीं ग्रामसत्ता?

समाजाचें हित राजसत्तेच्या हातून साधावें, कीं लहान स्वयंशासित वस्त्या उभारून, हा वाद केवळ ग्रंथांतला नव्हे. आपल्या नागपूरच्या परिसरांत तो प्रत्यक्ष लढला गेला आहे. गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळील शेगांवीं राहावयास गेले. पुढें १९४० मध्यें त्याचेंच नांव सेवाग्राम झालें. गांव हेंच खरें राज्य, ही आपली धारणा त्यांनीं ५ ऑक्टोबर १९४५ च्या पत्रांत नेहरूंस कळविली. नेहरूंस ती पटली नाहीं. वर्ध्याचे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनीं तर १९४६ सालीं ह्या पायावर घटनेचा आराखडाच छापला.

परंतु घटनेचा मसुदा सिद्ध केला तो निराळ्या अनुभवाच्या पुरुषानें. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकर खेड्यांच्या ह्या गौरवावर तुटून पडले. घटनेचा घटक गांव नव्हे, व्यक्ति, असें त्यांनीं बजावलें. ज्यास गांवच्या विहिरीवर चढूं दिलें नाहीं, त्यास गांवचें स्वराज्य गोड कसें लागावें? तथापि त्याच महिन्यांत ग्रामपंचायतींचें कलम मार्गदर्शक तत्त्वांत घातलें गेलें. तेंच आजचें ४० वें. न्यायालयांत ज्याची दाद मागतां येत नाहीं असें कलम, म्हणजे अर्धीच जीत!

आपल्या वाचकांस येथें पोप अकरावे पायस यांचें १९३१ चें परिपत्र आठवेल. लहान मंडळ्यांस जें साधतें तें मोठ्या सत्तेनें हिरावून घेणें अन्यायाचें, असें त्यांनीं लिहिलें, आणि तें मुसोलिनीच्या इटलींत बसून. देखरेखीचें व आवर घालण्याचें काम मात्र त्यांनीं राज्याकडेच ठेविलें.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवाची कथा मला ह्या वादांत सर्वांत बोधक वाटते. लोकवस्ती पांचशेच्या आंतबाहेर. १९८० नंतरच्या धरणविरोधी चळवळींतून हें गांव जागें झालें. मुंबई-दिल्लीस सरकार असो, गांवापुरतें सरकार आपणच, असें त्यानें ठरविलें. पुढारी देवाजी तोफा. अभ्यासू सोबती मोहन हिराबाई हिरालाल. निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वांच्या सहमतीनें. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. पण बांबू विकावा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातीं! अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गांवीं आले, तेव्हां परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं झालें. एका पुस्तकासाठीं एवढी वरात! २०१३ मध्यें तर गांवकऱ्यांनीं आपल्या खाजगी जमिनीहि ग्रामसभेस देण्याचा निश्चय केला.

संसदेचा कायदा नसता तर जंगल मिळालें नसतें. आणि गांव वर्षानुवर्षें सभेस बसलें नसतें, तर तो कायदा कपाटांतच राहता. परंतु मेंढ्यानें आंबेडकरांस उत्तर दिलें, असें म्हणवत नाहीं. तेथें जवळजवळ सारींच घरें गोंडांचीं. जेथें एक वस्ती वेशीच्या आंत व दुसरी बाहेर, तेथें सहमति म्हणजे दुबळ्याचें मौनहि असूं शकतें. अशा गांवांसाठीं १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत अनुसूचित जातिजमातींस लोकसंख्येच्या प्रमाणांत व स्त्रियांस निदान एक तृतीयांश जागा राखून ठेविल्या. ह्या जागा गांवानें आपण होऊन दिल्या नव्हत्या.