लिनिफिया आणि नेरिएनी : एका प्रजातीच्या विभाजनाचा इतिहास

कोळ्यांच्या लिनिफिइडी या कुलात आज चार हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. ज्या प्रजातीवरून या कुलाला नाव मिळाले ती लिनिफिया. हिचा कोळी झुडपावर आडवे, चादरीसारखे जाळे विणतो व त्याच्या खालच्या बाजूस उलटा लटकून राहतो. वर ताणलेल्या विस्कळीत धाग्यांना अडखळून कीटक चादरीवर पडला, की कोळी खालूनच त्याला दंश करून जाळ्यातून ओढून घेतो. ही राहणी इतकी ठळक आहे की तिच्यावरूनच प्रजाती ओळखावी असा मोह अभ्यासकांना पडला, यात नवल नाही. त्या मोहाची किंमत मात्र वर्गीकरणास दीर्घकाळ द्यावी लागली.

या प्रजातीची आदर्श जाती, ट्रायअँग्युलॅरिस, हिचे वर्णन स्टॉकहोम येथील करखात्यातील अधिकारी कार्ल क्लेर्क याने 1757 मध्ये स्वीडनमधील कोळ्यांवरील आपल्या ग्रंथात केले. प्राणिनामकरणाचा आरंभ लिनियसच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. पण क्लेर्कच्या ग्रंथापुरता अपवाद मान्य झाला असून त्यातील नावांना लिनियसच्या नावांहून अग्रक्रम आहे. क्लेर्कने ही जाती अरेनियस या व्यापक नावाखालीच ठेवली होती. ती वेगळी काढून लिनिफिया ही प्रजाती स्थापिली ती लातरेय या फ्रेंच पंडिताने, 1804 मध्ये. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तागाचे कापड विणणारा असा आहे. पुढे 1859 मध्ये याच नावावरून कुल स्थापन करणारा जॉन ब्लॅकवॉल हा पूर्वायुष्यात आयर्लंडचे तागाचे कापड आयात करणारा व्यापारी होता, हा योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही.

ब्लॅकवॉलने 1833 मध्ये नेरिएनी ही आणखी एक प्रजाती निर्माण केली. कल्पना चांगली होती, उपयोग मात्र वाईट झाला. कोळ्यांच्या विभागणीत तो डोळ्यांच्या संख्येला फार महत्त्व देई. साहजिकच आठ डोळ्यांचे, लहान व काळसर असे परस्परांशी दूरचा संबंध असलेले कितीतरी कोळी नेरिएनीत जमा झाले. नंतरच्या अभ्यासकांनी ते एरिगोनी इत्यादी प्रजातींत वाटून दिले आणि रिकामे झालेले नाव मागे पडले. तिची खरी आदर्श जाती लिनिफियातच नांदत राहिली. ब्रिटिश कोळ्यांवरील लॉकेट व मिलिज यांच्या प्रमाणग्रंथाच्या 1953 च्या खंडातही क्लॅथ्रेटा, मॉन्टॅना, पेल्टेटा या जाती लिनिफियाखालीच आढळतात.

हा गुंता सोडविला डच अभ्यासक व्हान हेल्सडिंगेन यांनी. लायडन येथून 1969 व 1970 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी जननेंद्रियांच्या केवळ आकारावर नव्हे, तर त्यांच्या कार्यावर भर दिला. नराच्या स्पर्शपादाच्या टोकाशी असलेले अवयव मादीच्या उदरावरील जननपट्टिकेत कसे गुंततात, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या मते या प्रबंधाचे खरे महत्त्व येथेच आहे : कुलूप आणि किल्ली वेगवेगळी न्याहाळण्याऐवजी किल्ली फिरते कशी हे त्यांनी पाहिले. त्या कसोटीवर जुनी लिनिफिया टिकली नाही. ट्रायअँग्युलॅरिस, हॉर्टेन्सिस व त्यांचे निकटचे आप्त तेवढे तिच्यात उरले. पुसिला, इम्पिग्रा या जाती गेरहार्टच्या 1928 च्या मायक्रोलिनिफियात गेल्या. क्लॅथ्रेटा, मॉन्टॅना, पेल्टेटा, तसेच घुमटाकार जाळे विणणारी रेडिएटा, यांच्यासाठी ब्लॅकवॉलची नेरिएनी पुन्हा जिवंत करण्यात आली.

जाळ्याची एकच तऱ्हा या सर्व प्रजातींत सापडते. तेव्हा तिच्यावरून कुलाचा अंदाज करता येईल, प्रजातीचा नव्हे.

ब्लॅकवॉलच्या वाट्याला आलेला न्याय मात्र अर्धाच ठरला. 1833 मध्ये त्याने नेरिएनीत मार्जिनेटा म्हणून वर्णिलेल्या जातीला सुंडेव्हालने 1830 मध्येच क्लॅथ्रेटा हे नाव दिलेले होते. प्रजातीचे नाव ब्लॅकवॉलचे राहिले, जातीचे गेले.