बायबलच्या शेजारी ठेवायची पुस्तकं

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या बचत गटांमध्ये ख्रिस्ती मैत्रिणीही आहेत. नेमाने प्रार्थना करणाऱ्या, बायबल उशाशी ठेवून झोपणाऱ्या. बैठकीत त्या विचारतात, "बायबलशिवाय आणखी काय वाचावं?" तेवढ्यात कोणीतरी बोलून जातं, "यांची पुस्तकं सगळी साहेबाची." दोघींना आज एकच उत्तर देऊ.

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले आणि मराठी शिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, मग त्यांनी वाचायचं काय? आजचा प्रश्न तेव्हाही होताच. म्हणून फादरांनी बायबलची कथा ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं हे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. भाषा जुनी आहे. एका दमात वाचू नका, रोज चार ओव्या मोठ्याने म्हणा. ज्ञानेश्वरी ऐकलेल्या कानाला ती चाल परकी वाटणार नाही.

आता कल्पनेची गोष्ट. जॉन बन्यन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाला त्याच्या श्रद्धेपायी तुरुंगवास झाला. त्याने एक स्वप्न रचलं. पाठीवर ओझं घेतलेला एक माणूस स्वर्गनगरीकडे निघतो, वाटेत निराशेच्या दलदलीत रुततो, राक्षसाच्या किल्ल्यात अडकतो. मूळ पुस्तक १६७८ चं. हरी केशवजी यांनी १८४१ साली ते 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलं. पुढे बन्यनने दुसरा भागही लिहिला. त्यात त्या माणसाची बायको मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते. घरच्या पोरांना ही गोष्ट रात्री सांगण्यासारखी आहे.

इतिहास हवा असेल तर बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' घ्या. हे १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून याचं नाव घेतात. यमुना नवऱ्यासोबत गावोगाव फिरते आणि विधवांचे हाल पाहते. पुढे तिच्यावरही तीच वेळ येते. लेखक आपल्या धर्माची बाजू मांडतो, ते उघड दिसतं. पण केशवपन आणि कोंडलेलं आयुष्य यांविषयी त्या काळात इतकं स्पष्ट लिहिणारे थोडेच होते.

त्याच शतकातलं आपल्या जिल्ह्यातलं नाव म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. म्हणजे हा इतिहास लांबचा नाही, आपल्याच जिल्ह्याच्या मातीतला आहे.

आता बायकांच्या हातची दोन पुस्तकं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं. विधवांना आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना तिथे आसरा मिळाला. बायबलचं मराठी साध्या बाईला जड जातं, हे रमाबाईंनी पाहिलं. त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बाया होत्या. १९२२ साली रमाबाई गेल्या, १९२४ साली ते बायबल बाहेर आलं. ज्यांना समाजाने घराबाहेर काढलं, त्यांच्या हातांनी हा ग्रंथ छापला गेला.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. १८९५ साली नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाला आणि संसार मोडला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. सोवळं-ओवळं, जातीचा विटाळ हे सगळं त्यांच्या मनातून हळूहळू गेलं, आणि मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बाईने मुकाट मागे जावं, असं त्यांनी केलं नाही. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघालं. वाचताना हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरतात.

मैत्रिणींनो, ही पुस्तकं फक्त ख्रिस्ती मैत्रिणींची नाहीत. श्रद्धा असलेलीला त्यांतून बळ मिळेल, आणि शेजारणीला तिची श्रद्धा कळेल. एकमेकींचं कर्ज आपण फेडून घेतो, मग एकमेकींची पुस्तकं का नको? पुढच्या बैठकीत बचत मोजून झाली, हप्ते वहीत लिहून झाले, की अर्धा तास ठेवा. जिला वाचता येतं तिने 'स्मृतिचित्रे'ची पाच पानं मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावं. पुस्तक जवळच्या वाचनालयात मागा. नसेल तर सगळ्या मिळून मागणीचा अर्ज द्या. अर्ज लिहिणं तर आपल्याला चांगलंच येतं.