बंद दाराआडची पंगत

घरी भजन ठेवायचे आणि आलेल्यांना जेवूनच पाठवायचे, ही रीत आम्हा सावरगाव-पांढुर्ण्याच्या मंडळींच्या अंगवळणी पडली आहे. शेजारच्या पाटावर कोण बसले, हे निदान पंगतीत तरी कोणी विचारत नाही. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत अशाच पंगतीसाठी दारे लावून घ्यावी लागत.

१८४९ साली तिथे परमहंस सभा निघाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे एक प्रमुख. मित्रमंडळी कोणाच्या तरी घरी गुपचूप जमत, प्रार्थना करीत, देव आणि जातिभेद यांवर बोलत आणि एकत्र जेवत. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. एका घासाने जात जाई! मग मुलीचे लग्न अडे, मयताला खांदेकरी मिळत नसत. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा मोडली. त्यांना भित्रे म्हणणे सोपे; आम्हाला ते पटत नाही.

१८६७ मध्ये दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. उपासना आता उघड होऊ लागली. एकत्र जेवण्याची अट मात्र त्यात नव्हती.