कॅरेक्टर शीट : फौजेच्या झाड्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत

या मालिकेत आपण लढाया, किल्ले आणि तोफांवर बोलत आलो आहोत. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेब आज नातवंडांच्या खोलीत शिरले. विषय आहे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांची ‘कॅरेक्टर शीट’ आणि ती तयार करून देणारी सॉफ्टवेअर. पण हा खेळ सैन्याच्या घरात जन्मलेला आहे, त्यामुळे तो आपल्याच विषयात येतो.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं : कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात आणि निकाल फाशावर लागतो. पात्राचं बळ, बुद्धी, शस्त्रं, सामान, जखमा, सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद म्हणजे कॅरेक्टर शीट.

माणूस असा कागदावर उतरवणं आपल्याकडे फार जुनं. अकबराच्या फौजेत शिपायाचा ‘चेहरा’ लिहून ठेवत : नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा. घोड्याला डाग देत. हेतू एकच, मनसबदाराने हजेरीच्या दिवशी उसनी माणसं आणि उसने घोडे उभे करू नयेत.

महाराजांच्या फौजेबद्दल सभासदाच्या बखरीत याहून बारीक माहिती आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. लष्कर मुलुखगिरीला निघताना प्रत्येकाजवळ काय वस्तू आहेत त्याची यादी होई. परत आल्यावर झाडा घेत आणि जास्तीचं काही सापडलं तर त्याचा हिशेब सरकारात द्यावा लागे. आजच्या कॅरेक्टर शीटवर ‘सामान’ असा रकाना असतो. त्याचं काम तेच : माणूस काय घेऊन निघाला आणि काय घेऊन आला.

आता खेळाकडे येऊ. १८१२ साली फोन राइसवित्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्यापुढे युद्धखेळाचं टेबल ठेवलं. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’चे नियम छापले. नकाशा, त्यावर तुकड्यांच्या सोंगट्या, फासे आणि मध्ये अंपायर. कोणत्या तुकडीची किती हानी झाली, हा हिशेब अंपायर ठेवी. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ प्रशिक्षणासाठी उचलला. पुढे १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं की नियमांचं ओझं कमी करा, अनुभवी अंपायरच्या निर्णयावर सोडा. आपण सैन्यात सँड मॉडेलभोवती उभे राहून वॉर गेम करतो, त्याचे हे पूर्वज.

या सगळ्यात सोंगटी म्हणजे पलटण किंवा तुकडी होती. एकटा माणूस नव्हता. तो आला अमेरिकेत. डेव्हिड वेस्ली हा मिनेसोटातला तरुण, लष्कराच्या राखीव दलातला. त्याच्या हाती टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचं १८८० सालचं ‘स्ट्रॅटेगोस’ हे युद्धखेळाचं पुस्तक लागलं. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर खेळ मांडला आणि काही खेळाडूंना तुकड्यांऐवजी माणसं दिली : गावचा महापौर, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू. खेळाडू आपापसांत बोलू लागले, कट करू लागले. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ या अद्भुत जगात नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं. पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची होती.

त्यात प्रत्येक पात्राला सहा गुण : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप पाडण्याची ताकद. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. तीन फासे पडण्याचे एकूण प्रकार २१६. त्यातल्या एकातच १८ येतात. १० किंवा ११ मात्र ५४ प्रकारांत येतात. म्हणजे बहुतेक पात्रं आपल्यासारखीच मधली. कोणत्याही पलटणीत असंच असतं.

मग संगणकाची गरज का पडली? नियम वाढत गेले म्हणून. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचं उदाहरण घ्या. बळ १५ असेल तर बोनस २, १६ झालं की ३. बदल एका आकड्याचा, पण त्याबरोबर वार लागण्याचा हिशेब बदलतो, इजा बदलते, चढण्याचं आणि उडी मारण्याचं कौशल्य बदलतं, किती वजन उचलता येईल तेही बदलतं. एक खोडलं की पाच ठिकाणी खोडायचं. क्वार्टरमास्टरच्या लेजरवर ज्याने काम केलं आहे, त्याला ही डोकेदुखी समजेल.

१९९६ मध्ये ‘कोअर रूल्स’ची सीडी आली. तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकासोबतही पात्र तयार करणाऱ्या प्रोग्रामची सीडी होती. त्याच सुमारास ‘पीसीजेन’ सुरू झालं. हे जावा भाषेतलं, मुक्त स्रोताचं, हौशी लोकांनी चालवलेलं. नियमांची माहिती साध्या मजकुराच्या फायलींत, कोणीही उघडून पाहावी अशी. तयार झालेलं पात्र तुमच्याच संगणकावर राहतं. छापा आणि टेबलावर घेऊन बसा.

२०१७ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ आलं. ते वेबवर चालतं. काम सुबक आणि सोपं. नवशिक्याचं पात्र काही मिनिटांत उभं राहतं. २०२२ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ते विकत घेतलं. पण इथे पात्र राहतं कंपनीच्या सर्व्हरवर. ऑगस्ट २०२४ मध्ये नवे नियम येताना कंपनीने जाहीर केलं की लोकांच्या शीटवरचे जुने मंत्र आणि वस्तू बदलून नव्या नियमांच्या येतील. जुन्या नियमांनी वर्षानुवर्षं खेळणारे गट खवळले. काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला.

बाहेरच्याला वाटेल, खेळच तर आहे, एवढा गहजब कशाला? मला त्यांचा राग पटतो. सैन्यात प्रत्येक जवानाचा शीट रोल असतो. लग्न झालं, मूल झालं, तर पार्ट टू ऑर्डर निघते आणि मगच तिथे नोंद होते. कोणी आलं आणि लिहून गेलं, असं चालत नाही. कारण उद्या तो जवान नसेल, तेव्हा त्याची बायको त्याच कागदाच्या आधाराने उभी राहते. तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं तरी पेन्शनसाठी किती खेटे घालावे लागतात, ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे.

म्हणून या इतिहासातून मी एवढंच घेतो. बेरीज-वजाबाकी यंत्राला खुशाल द्यावी, ती त्याला आपल्यापेक्षा बरी जमते. पण कागदावर माणसाबद्दल काय लिहिलं आहे ते त्या माणसाला वाचता आलं पाहिजे आणि त्याला विचारल्याशिवाय ते बदलता कामा नये. खेळातल्या पोरांनी ओरड करून हे काही दिवसांत मिळवलं. आपली रेशनकार्डं, सातबारा आणि पेन्शनची खाती आता संगणकावरच आहेत. आपणही आपला कागद वर्षातून एकदा उघडून वाचावा आणि एक छापील प्रत घरात ठेवावी.

घरात कोणी हा खेळ खेळत असेल तर एकदा शेजारी बसून त्यांची शीट पाहा. सभासदाच्या बखरीतला झाडा त्यांना सांगा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.