तसबिरीचा घोटाळा आणि सेव्हिलचा न्हावी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणक बंदच होता. असो.

परवा नातीने फोनवर विचारलं, "आजी, 'बार्बर ऑफ सेव्हिल' नावाचा ऑपेरा एकच ना गं? मग विकिपीडियावर दोन पानं कशी?" तिला सध्या ऑपेराचा नाद लागलाय. मला त्यातले सूर फारसे कळत नाहीत, पण नावांचा गुंता म्हटला की माझी मास्तरकी जागी होते. दोन दिवस वाचत बसले.

इंग्रजी विकिपीडियाचा संकेत साधारण असा, की इंग्रजी लिखाणात जे नाव रुळलंय तेच पानाला द्यायचं. म्हणून मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' इंग्रजी नावाने, मूळ जर्मन नावाने नाही. व्हर्दीचा 'ला त्राव्हियाता' मात्र इटालियनच राहिला. तर्क शोधू नका, वहिवाट आहे ती! मूळ नाव टाइप केलं तरी बरोबर त्याच पानावर पोचता येतं. परभाषेतल्या नावात कुठलं अक्षर मोठं लिहायचं, यालाही नियम आहे. (आपल्या देवनागरीला हे दुखणंच नाही.) आणि एकाच नावाचे दोन ऑपेरे असले तर एकाच्या पुढे कंसात संगीतकाराचं नाव.

या कंसापाशी मी थबकले.

बोमार्शे या फ्रेंच नाटककाराचं 'सेव्हिलचा न्हावी' हे नाटक 1775चं. त्यावर पाइझिएल्लोने 1782 साली सेंट पीटर्सबर्गला ऑपेरा केला आणि तो युरोपभर गाजला. पुढे 1816च्या फेब्रुवारीत रोममध्ये रोसिनीने तीच कथा घेतली. वयाची चोवीस वर्षंही पुरी नव्हती त्याची. थोरल्या पाइझिएल्लोचा मान राखायचा म्हणून त्याने मूळ नाव टाळलं आणि ठेवलं 'अल्माविव्हा, अथवा वाया गेलेली खबरदारी'. खबरदारी खरोखरच वाया गेली. पहिला प्रयोग साफ पडला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या प्रयोगापासून मात्र गाडी रुळावर आली. जूनमध्ये पाइझिएल्लो वारला आणि त्याच वर्षी बोलोन्याच्या प्रयोगाला रोसिनीच्या ऑपेराने ते जुनं नाव घेतलं.

आज विकिपीडियावर नुसत्या नावाचं पान रोसिनीचं आहे. ज्याच्या मानासाठी नाव बदललं होतं, त्या पाइझिएल्लोच्या पानाला कंसाची ओळख लागते. मला हे वाचून उगाच वाईट वाटलं.

ते 'अथवा' वाचलं आणि मला आमची नववीची चाचणी आठवली. 1984 किंवा 85 साल असेल. प्रश्न होता, गो. ब. देवलांच्या दोन नाटकांची नावे लिहा. एका मुलाने लिहिलं, 'शारदा' आणि 'तसबिरीचा घोटाळा'. दुसऱ्या नावावर मी लाल फुली मारली. तो म्हणाला, "बाई, आजोबांच्या पेटीत पुस्तक आहे." मी म्हटलं, "पेटीतलं नको, शिकवलेलं लिही." वर्ग हसला. तो खाली बसला.

निवृत्तीनंतर निवांत वाचताना कळलं की देवलांचं 1893चं गद्य नाटक होतं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पुढे पदं घालून तेच 1916 साली 'संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आलं. रोसिनीच्या न्हाव्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, हा आपला योगायोग. मला 'संशयकल्लोळ' तेवढं ठाऊक होतं. पोराला त्याचं आधीचं नाव ठाऊक होतं.

नातीला सांगितलं, दोन्ही पानं बरोबर आहेत, माणसं दोन आहेत.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. आमच्या शाळेतलं कुणी हे वाचत असेल आणि तो कुणाच्या संपर्कात असेल, तर त्याला सांगा, अर्धा गुण बाईंकडे बाकी आहे.