नरक्या ते नॅनोकण

नरक्या फुलला की आसपास उभं राहवत नाही, इतकी त्याच्या फुलांना घाण येते. उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्याचा जंगलपट्टा, गोवा, कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा सह्याद्रीच्या सगळ्या माळेत हे लहान चणीचं झाड वाढतं. मुंबईत, गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी त्यातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं आणि १९७२ साली ते जाहीर केलं.

हे द्रव्य आधी मिळालं होतं ते एका चिनी झाडात. १९६६ साली त्याची रचना उलगडली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. वाणी मूळचे नंदुरबारचे, जन्म १९२५चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात. पुढे १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही मांडली. कर्करोगावरची दोन मोठी औषधं एकाच प्रयोगशाळेतून निघावीत, आणि त्यात खानदेशातल्या माणसाचा हात असावा, हे मराठी शाळांच्या पुस्तकांत ठळक छापायला हवं.

कॅम्प्टोथेसिन गुणी होतं, पण पाण्यात विरघळत नव्हतं, मग शिरेतून द्यायचं कसं? त्याचा सोडियम क्षार करून १९७०च्या सुमारास रुग्णांना देऊन पाहिला. क्षार करताना रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषधाचा जोर जातो. लघवी आम्लधर्मी असते, तिथे हे कडं पुन्हा मिटतं. म्हणजे गाठीपाशी थंड असलेलं औषध मूत्राशयात जागं व्हायचं. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि चाचण्या थांबल्या.

१९८५ साली कळलं की डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका विकराला हे द्रव्य अडकवून ठेवतं. संशोधकांचं लक्ष पुन्हा त्याकडे वळलं. दुधाच्या पेयासाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या याकुल्ट कंपनीने त्यापासून इरिनोटेकॅन बनवलं. ते पाण्यात विरघळत होतं. १९९६ साली अमेरिकेनेही त्याला परवानगी दिली. जुलाब मात्र रुग्णाला बेजार करत.

औषधाला वेष्टन घालून ते गाठीपर्यंत नेण्याची वाट वेगळीकडून आली. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसलं की काही स्निग्ध रेणू पाण्यात आपसूक बंद पोकळ गोळे बनवतात. हेच लायपोसोम. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध त्यात भरून केलेलं डॉक्सिल १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालं. २०१२ मध्ये तिथे डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा सन फार्मा या भारतीय कंपनीचं लिपोडॉक्स मागवावं लागलं.

गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढलेल्या आणि सच्छिद्र असतात, त्यामुळे शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचा कण निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर पडत नाही आणि गाठीत मात्र झिरपतो, हा या वेष्टनामागचा विचार. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी तो १९८६ साली मांडला. टॅक्सॉलही याच वाटेने गेलं. एरंडेल तेलापासून केलेल्या द्रावकातून ते देताना रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी व्हायची, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावी लागत. २००५ साली ते अल्ब्युमिन प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत आलं, आणि तीन तासांची सलाइन अर्ध्या तासावर आली.

२०१५ साली लायपोसोममधल्या इरिनोटेकॅनला, ऑनिवाइडला, परवानगी मिळाली, तीही स्वादुपिंडाच्या हट्टी कर्करोगासाठी. जेमसायटाबीन घेऊनही आजार वाढलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य इतर औषधांच्या जोडीने ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेलं. हे दोन महिने ज्यांच्या घरी मिळाले त्यांना ते थोडे वाटले नसतील. मात्र वेष्टनाने सगळं साधलेलं नाही. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यक फक्त ०.७ टक्के गाठीपर्यंत पोचल्याचं दिसलं. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच टिपून घेतात.

वाणी २०२० साली, पंचाण्णवाव्या वर्षी गेले. ऑनिवाइड त्यांच्या हयातीत आलं. इकडे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड वनखात्याच्या धाडींत अजूनही सापडते.