जेंब्रानाचा रोग

बालीच्या पश्चिम टोकाला जेंब्राना नावाचा जिल्हा आहे. डिसेंबर १९६४ मध्ये तिथल्या गोठ्यांत गुरं तापानं फणफणू लागली. त्यांनी चारा सोडला. खांद्यापुढच्या आणि मांडीपुढच्या गाठी लांबून दिसाव्यात इतक्या सुजल्या, मग हगवण लागली. काही जनावरांच्या अंगावर माश्या चावल्याच्या जागी रक्ताचे थेंब घामासारखे उभे राहिले. आठवडा-दोन आठवड्यांत जनावर एकतर सावरायचं, नाहीतर मरायचं. वर्षभरात बेटावरच्या सुमारे तीन लाख गुरांपैकी २६ हजारांच्या आसपास गेली.

बालीची गुरं खिलार किंवा डांगीच्या गोतातली नाहीत. आग्नेय आशियातल्या रानात बांतेंग नावाचा रानबैल राहतो. त्याला माणसाळवून ही जात तयार झाली. गाय तांबूस, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे, मागं शेपटीभोवती पांढरा ठसा; वळू वयात आला की काळा पडतो. भातखाचरात नांगर ओढणारं आणि अडीअडचणीला विकता येणारं हे जनावर म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची शिल्लक. बाहेरचं गोवंश बेटावर आणायला डच अमदानीपासून बंदी असल्यामुळे जात शुद्ध राहिली. त्या शुद्धतेची दुसरी बाजू अशी, की एका गोठ्यातली गाय ज्या रोगाला बळी पडेल, त्याला बेटावरची प्रत्येक गाय बळी पडू शकत होती.

पहिला संशय आला तो बुळकांडीचा. यात नवल नव्हतं. ताप, हगवण, तोंडात फोड आणि पटापट मरणारी गुरं असं दिसलं, की आशियातल्या कोणत्याही पशुवैद्याच्या मनात त्या काळी हेच नाव आधी आलं असतं. हिंदुस्थानात गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी १८८९ मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, पुढं ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. बुळकांडी हा तिच्यापुढचा सर्वांत मोठा शत्रू होता. पण जेंब्रानात हिशेब जुळेना. बुळकांडीच्या मानानं मरण्याचं प्रमाण कमी होतं: आजारी पडलेल्या पाचांतलं साधारण एक जनावर जायचं, बाकीची वाचायची.

मग संशय गोचिडांवर गेला. रिकेट्सिया गटातला एखादा सूक्ष्म जंतू गोचिडांमार्फत पसरत असावा, असं सत्तरच्या दशकात मानलं जाऊ लागलं, आणि हा समज बरीच वर्षं टिकला.

त्या वर्षांत बालीला गुरांकडं बघायला कितीशी उसंत होती, हाही प्रश्नच आहे. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटून हजारावर माणसं मेली होती. १९६५ च्या अखेरीस कम्युनिस्टविरोधी कत्तलीची लाट बेटावर आली. त्यात सुमारे ८० हजार लोक मारले गेल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि जेंब्राना हा सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. गुरांची साथ या दोन संकटांच्या मधे सापडली.

खरा गुन्हेगार ज्या कुळातला निघाला, त्या कुळावर संशय घेण्याचं कारणही कुणाला नव्हतं. लेंटिव्हायरस हे विषाणू संथपणासाठीच ओळखले जात. आइसलंडनं १९३३ मध्ये जर्मनीहून २० काराकुल मेंढ्या आणल्या. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या मेंढ्यांबरोबर आलेला रोग काही वर्षांनी कळपांमधून वर आला: कुठं मेंढ्यांना धाप लागायची, कुठं मागचे पाय लुळे पडायचे. तिथल्या ब्यॉर्न सिगुर्डसन या संशोधकानं १९५४ मध्ये ‘संथ विषाणू’ ही कल्पना मांडली ती याच मेंढ्यांवरून.

गाईतला पहिला लेंटिव्हायरस अमेरिकेत सापडला, तोही दुसरंच काही शोधताना. लुइझियानातली आठ वर्षांची एक होल्स्टिन गाय खंगत चालली होती, तिच्या गाठी सुजल्या होत्या, रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. संशोधक गुरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू शोधत होते. आर-२९ असा क्रमांक दिलेल्या या गाईतून १९६९ मध्ये वेगळाच विषाणू हाती आला. १९७२ मध्ये त्याच्यावर निबंध छापून आला आणि विषय मागं पडला, कारण वासरांना तो टोचला तरी फारसं काही होत नव्हतं. पुढं माणसांत एड्स आला, एचआयव्ही सापडला, आणि १९८७ मध्ये हा जुना विषाणू एचआयव्हीचा नातेवाईक असल्याचं सिद्ध झालं. जगभर गुरांत आढळणाऱ्या या विषाणूमुळे ती नेमकी किती आजारी पडतात, यावर अजून एकमत नाही. माणसाला मात्र त्याच्यापासून रोग झाल्याची नोंद नाही.

जेंब्रानाचं कोडं सुटायला नव्वदचं दशक उजाडलं. बालीतले पशुवैद्य आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मर्डोक विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून आजारी गुरांच्या रक्तात रेट्रोव्हायरस, म्हणजे लेंटिव्हायरस ज्यात मोडतात त्या गटातला विषाणू, दाखवला, आणि १९९५ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. आर-२९ च्या विषाणूचा हा सर्वांत जवळचा भाऊबंद निघाला. इतका उशीर होण्याला विषाणूही कारण आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर तो वाढत नाही. जनावराच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं यायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे ताप भरात असताना केलेली तपासणी कोरीच येणार. आणि दोन्ही विषाणूंचं एक प्रथिन इतकं सारखं आहे, की सौम्य भाऊ अंगात असला तरी चाचणी होकार देते.

आपल्या कुळाची रीत मोडून हा विषाणू घाई करतो. संसर्गानंतर पाच ते बारा दिवसांत ताप चढतो, आणि तापाच्या दिवसांत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या घरात विषाणू असतात. लसिकाग्रंथींत प्रतिपिंडं बनवणारे भाग आक्रसतात, बाकीच्या पेशी बेसुमार वाढून यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं यांत घुसतात. प्रतिकार असा ऐन वेळी ढासळला, की एरवी किरकोळ ठरले असते ते जिवाणू रक्तात शिरतात. एचआयव्ही जे वर्षानुवर्षं घेऊन करतो, त्याचा काही भाग इथं पंधरवड्यात उरकतो. पण जगलेली गाय पुन्हा आजारी पडत नाही; विषाणू तिच्या अंगात महिनोन्‌महिने थोडाफार उरतो, एवढंच. एचआयव्हीच्या बाबतीत असं सुदैव माणसाच्या वाट्याला आलेलं नाही.

जनावरांच्या व्यापारामागोमाग रोगही बेटाबाहेर पडला: १९७६ मध्ये सुमात्रातलं लाम्पुंग, १९७८ मध्ये पूर्व जावा, १९९३ मध्ये दक्षिण कालिमांतान. लाळेतून, जवळच्या सहवासातून तो पसरतो. चावऱ्या माश्यांवर आणि सामूहिक लसीकरणात न बदललेल्या सुईवरही संशय आहे.

लस बालीतच तयार झाली, पण तिची रीत जुन्या काळातली वाटावी अशी. विषाणू काचेच्या भांड्यात वाढत नाही, म्हणून निरोगी गाईला मुद्दाम रोग द्यायचा, तापाच्या दुसऱ्या दिवशी तिला मारून प्लीहा काढायची, तिच्यातला विषाणू रसायनानं निष्प्रभ करून तेलात मिसळायचा. या लसीनं ताप सौम्य होतो, रक्तातला विषाणू पुष्कळ घटतो. संसर्ग मात्र टळत नाही. ही लस बनवायला आणि पारखायला रोगाचा स्पर्श न झालेली गुरं लागतात, आणि बालीच्या मुख्य बेटावर तशी खात्री देणं अवघड. म्हणून संशोधकांनी प्रयोगाची गुरं आणली ती आग्नेयेच्या नुसा पेनिडा या छोट्या बेटावरून, कारण जेंब्रानाचा रोग तिथवर पोचलेला नव्हता.